ताईआजीची घट्ट बाही

पाळणाघर चालवणाऱ्या ताईआजीला कशाचीच भीती वाटत नाही. एकदा मोरीत उंदीर निघाला, तेव्हा तिने त्याच्यावर बादली पालथी घातली, वर बैठक मारली आणि तिथूनच दोन पोरांना भात भरवला. गल्लीतलं गुरगुरणारं कुत्रं तिला लांबून बघून रस्ता बदलतं. पण इंजेक्शनची सुई दिसली की या बाईची बोबडी वळते. शिवणाची सुई चालते, स्वेटरच्या सुया तर दिवसभर हातात असतात. दवाखान्यातली मात्र नको.

गंमत अशी, की गल्लीतल्या निम्म्या पोरांना टोचताना मांडीवर धरून बसणारी बाई हीच. आईबाप कामावर असतात, तेव्हा पोरांना लस द्यायला नेण्याचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडतं. पोराचं डोकं आपल्या खांद्याशी, एक हात त्याच्या गुडघ्यांवर, आणि तोंडाने चालू, "मुंगी आली, मुंगी चावली, मुंगी घरी गेली." पोरगं मुंगी शोधतंय तोवर काम झालेलं असतं. त्या क्षणी ताईआजीचे स्वतःचे डोळे गच्च मिटलेले असतात, हे आजवर एकाही पोराच्या लक्षात आलेलं नाही.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एवढंच पाळणाघर. पुढच्या खोलीत सतरंजी, खिडकीशी पाळणे, कोपऱ्यात खडखड करणारा जुना फ्रिज. आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि ताईआजीची खाट. पहिल्या पोरांच्या आया तिला ताई म्हणायच्या. मग ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं येऊ लागली, ती आजी म्हणू लागली. कुणाचं ऐकायचं म्हणून तिने दोन्ही ठेवून घेतली.

पोरांची नावं मात्र तिच्या डोक्यात राहत नाहीत. तिने त्यावर तोड काढली आहे. दारामागच्या भिंतीवर पोरांच्या हाताला येतील अशा बुटक्या खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र. बदक, छत्री, किल्ली, किटली. ज्या पोराची जी खुंटी, ते त्याचं नाव. "छत्री झोपली का? किटलीचं नाक पूस." दिवसभर हे असंच चालतं. पोरंही त्या नावाला ओ देतात. दवाखान्यातली लस देणारी सिस्टर याच खोल्यांत वाढली. ती किल्ली. आता चांगली पांढऱ्या कोटातली बाई झाली आहे, तरी रांगेतल्या चारचौघांसमोर ताईआजी तिला "ए किल्ली" म्हणून हाक मारते, आणि सिस्टर रागावून बघते, पण ओ देतेच.

ताईआजीचं भरवणं हा एक वेगळाच प्रकार होता. मऊ भाताचा चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावून गरम आहे का ते बघायचं, मग फुंकायचं, मग पोराच्या तोंडात. पोराने अर्धा घास परत ढकलला तर तो वाया कशाला घालवायचा, म्हणून स्वतः खायचा. चोखणी जमिनीवर पडली, की धुवायला कोण उठतंय! उचलून थेट स्वतःच्या तोंडात, दोनदा चोखून स्वच्छ, आणि मग पोराला परत. धूळ काय ती माझ्या पोटात जाऊ दे, पोराच्या नको, असा तिचा हिशोब. यात माया होती, यात शंकाच नाही. अक्कल किती होती, ते पुढे कळलं.

कारण दर थंडीला ताईआजीची छाती भरायची. आधी पोरांची नाकं वाहायची, ती तशीच हसतखेळत बरी व्हायची. मग ताईआजीला कणकण, मग ताप, मग असा खोकला की शेजारची भिंत ऐकायची. डॉक्टर म्हणायचे न्यूमोनिया. शेवटच्या वेळी तर तिला मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा, हाताला नळी (ती लावताना तिने आरडाओरडा करून अख्खा वॉर्ड उठवला होता), आणि पायाशी मुलगा उभा. तिला खरंच भीती वाटली होती. मरणाची नाही म्हणायची ती. बंद पाळणाघराची. नवरा गेल्यावर त्या दोन खोल्यांत किती शांतता झाली होती, ते तिला ठाऊक होतं. ती शांतता पोरांनी रडून, सांडून, भांडून घालवली होती. ती परत येईल या विचाराने ती मुखवट्याच्या आत रडली.

मुलगा फ्रिज दुरुस्त करतो. स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी त्याने निर्वाणीचं सांगितलं. "आई, डॉक्टर म्हणतायत की फुप्फुसं आता थकलीत. आणखी एकदा छाती भरली, तर मी काही ऐकणार नाही. पाळणाघर बंद. तू आमच्याकडे राहायला यायचं."

"आणि तुमच्याकडे येऊन काय करू? फ्रिजकडे बघत बसू?"

"बस. पण जिवंत बस," तो म्हणाला.

डॉक्टरांनी घरी सोडताना आणखी एक सांगितलं होतं. तिच्या वयाच्या माणसांसाठीही या आजाराची लस असते, ती घेऊन टाका. ताईआजीने मान डोलावली आणि त्या दिवसापासून दवाखान्याच्या हातावर तुरी द्यायला सुरुवात केली. एकदा पोट बरं नव्हतं. एकदा सिस्टर दमलेली दिसत होती, तिला कशाला त्रास? आणि सगळ्यात लाडकं कारण म्हणजे स्वेटरची बाही. तिने स्वतःच विणलेला तो स्वेटर, बाह्या इतक्या घट्ट की कोपराच्या वर जातच नाहीत. "बघ ना किल्ली, वर सरकतच नाही गं. पुढच्या खेपेला सैल घालून येते." पुढच्या खेपेला पुन्हा तोच स्वेटर. कडक उन्हाळ्यातसुद्धा.

त्याच सुमारास तान्ह्या मुलांच्या लशींमध्ये एका नव्या लशीची भर पडली होती. ती याच न्यूमोनियाच्या एका जंतूवरची. सिस्टरने सांगितलं, तशी ताईआजीने पाळणाघरात नियमच करून टाकला. ज्या पोराची वेळेवरची टोचणी झाली, त्यालाच खुंटी. आईबापांनी कुरकुर केली तर ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "माझ्याकडे येणारं पोर आजारी पडलेलं मला चालायचं नाही." पोरांच्या बाबतीत ती एवढी कडक. स्वतःची पिशवी मात्र दाराच्या कडीला लटकलेली असायची. तिला कुठे खुंटी होती?

पुढची थंडी आली. मुलगा धास्तावून रोज फोन करायचा. ताईआजी शिंकली, दोन दिवस नाक गळलं आणि संपलं. त्याच्या पुढचीही थंडी तशीच गेली. छाती भरली नाही, ताप नाही, काही नाही. आता घरात श्रेयावरून चढाओढ लागली. मुलगा दिवसभर गारठ्यात हात घालणारा, त्याच्या मते सगळा दोष थंडीचा होता आणि त्याने आणलेल्या हीटरने ती पळवली. सून चष्म्याच्या दुकानात काम करते, तिला सगळीकडे धूळ दिसते. तिने आठवड्याला येऊन खोल्या पुसून काढल्या होत्या, तेव्हा श्रेय तिच्या फडक्याचं. आणि ताईआजीच्या मते तिचे लोकरीचे पायमोजे.

"आई, मोज्यांनी न्यूमोनिया थांबतो होय?" सून म्हणाली.

"तळपायातूनच तर शिरतो तो," ताईआजीने ठासून सांगितलं. असं बोलताना तिला पुराव्याची गरज कधीच भासत नाही.

हा वाद ती घेऊन गेली दवाखान्यात. मांडीवर छत्रीचा धाकटा भाऊ होता, त्याला टोचून झालं होतं, मुंगी घरी गेली होती. सिस्टरने मोज्यांची गोष्ट ऐकली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मोजे नाहीत गं. हा," ती म्हणाली आणि तिने मांडीवरच्या रडक्याच्या नाकाला बोट लावलं. "हा, आणि याच्यासारखी सगळी. तो जंतू लहान पोरांच्या नाकाघशात बिऱ्हाड करून राहतो. पुष्कळदा पोराला काही होतसुद्धा नाही. पण पोर शिंकतं, खोकतं, आणि तो म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जाऊन बसतो. तू तर त्यांच्या चोखण्या चोखत होतीस! आयतं आमंत्रण. आता पोरांना लस मिळते, तर त्याला त्यांच्या नाकात पूर्वीसारखी जागाच मिळत नाही. पोरांकडेच नाही, तर तुझ्याकडे येणार कुठून? नुसतं तुझ्याच पाळणाघरात नाही, सगळीकडे. तुझ्या वयाची किती माणसं छाती भरून यायची इथे, ती आता कमी झालीत. त्यांनी कुठे लस घेतली होती? नातवंडांनी घेतली."

ताईआजीने मांडीवरच्या पोराकडे बघितलं. त्याच्या नाकाखाली शेंबूड होता, गालावर पाणी होतं आणि मांडीवर छोटी पट्टी चिकटवलेली होती. "म्हणजे याला टोचलं आणि मी वाचले?"

"बऱ्याच अंशी. आणि त्या चोखण्या चोखणं आता बंद कर. धुवायच्या. आणि..."

"आणि काय?"

"आणि बाही वर कर."

पण ताईआजी ऐकतच नव्हती. तिने पोराचा मुका घेतला, अगदी शेंबडासकट, आणि बाहेर पडली. चोखण्या धुवायचं तिने त्या दिवसापासून मनापासून पाळलं. पण बाकीच्या बोलण्यातून तिने तेवढंच उचललं जे तिला हवं होतं. पोरं टोचलेली आहेत, म्हणजे आपण सुरक्षित. म्हणजे आपल्याला सुई घ्यायची गरजच नाही! भेटेल त्याला ती हे छाती पुढे काढून सांगू लागली. तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं होतं आणि ती विलक्षण खुशीत होती. सिस्टरने पुढे दोनदा निरोप पाठवला, की त्या जंतूचे सगळेच प्रकार पोरांच्या लशीत येत नाहीत, तू बसने फिरतेस, बाजारात जातेस, तुझी फुप्फुसं थकलेली आहेत. ताईआजीने कानांवर हात ठेवले.

मग एके दिवशी संध्याकाळी विम्याचा एजंट आला. विमा विकायला नाही, आपलं बाळ पाळणाघरात ठेवायचं विचारायला. हा माणूस "उद्या काही झालं तर?" एवढं एकच वाक्य बोलून भल्याभल्यांना सही करायला लावायचा. बाळ त्याच्या खांद्यावर झोपलं होतं. ताईआजीचा मुलगा कोपऱ्यात फ्रिजमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता, आणि जिची आई उशिरा येते ती बदक सतरंजीवर ठोकळे रचत होती.

"टोचणी झाली का सगळी?" ताईआजीने विचारलं.

एजंट जरा घुटमळला. "पहिल्यांदा टोचलं तेव्हा फार रडला तो. मग म्हटलं, राहू दे. तुमच्याकडे सगळ्या मुलांना दिलेली आहे ना? मग याला आजार लागणार कुणाकडून? बाकीच्यांनी घेतली, त्यात याचंही भागतं."

ताईआजी भडकली. "वा! म्हणजे हप्ते बाकीच्यांनी भरायचे आणि पैसे तू उचलायचे? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बसलाय! उद्या सगळेच असं म्हणाले, तर टोचलेलं पोर उरणार कुठलं?"

एजंट वरमला. खरोखर वरमला, आणि मग त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "खरंय तुमचं. तुम्ही घेतलीत ना, ताईआजी? मोठ्यांनाही असते म्हणतात. फार दुखतं का हो?"

फ्रिजमधली खुडबुड थांबली.

"मला काय करायचीय?" ताईआजी म्हणाली. "माझ्याभोवती सगळी पोरं टोचलेलीच आहेत, मग मला लागणार कुणा..."

आपलंच वाक्य तिला अर्ध्यावर ऐकू आलं. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुलाने फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं, पण तो हसला नाही. नुसता बघत राहिला. इस्पितळात पायाशी उभं राहून बघत होता, तसाच. ताईआजीला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. एवढीएवढीशी पोरं, जी धड बसत नाहीत, त्यांनी मांड्या पुढे केल्या होत्या. त्यांच्या जिवावर ती ठणठणीत फिरत होती आणि स्वतः घट्ट बाहीआड लपली होती. तिला मनापासून लाज वाटली.

"बघवत नाही हो मला तो रडताना," एजंट हळूच म्हणाला. त्याला वाटलं ती अजून त्याच्यावरच चिडली आहे.

"मला कुठे बघवतं?" ताईआजी म्हणाली. "मी डोळे मिटते."

"तुम्ही?"

"दर वेळी. आजवर एकदासुद्धा सुई आत जाताना बघितली नाही मी." हे तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. मग तिने पदरी पडलेलं निस्तरायच्या आवाजात हुकूम सोडला, "उद्या सकाळी ये दवाखान्यात. बाळाला घेऊन. आधी मी टोचून घेते, मग तो."

दुसऱ्या दिवशी ताईआजी दवाखान्यात आली ती मुलाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. सिस्टरने एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि खुर्ची पुढे सरकवली. सोबतीला बदक होती. तिची आई कामावर गेलेली, तिला ठेवणार कुठे? एजंट बाळाला घेऊन शेजारच्या बाकावर बसला होता आणि ताईआजीपेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

सिस्टरने दंड कापसाने पुसला. तो गार कापूस लागताच ताईआजीने सवयीने डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड," बदक म्हणाली. ती खुर्चीच्या हातावर चढून बसली होती आणि तिने ताईआजीच्या गुडघ्यांवर आपला हात ठेवला होता, अगदी रीतसर. "उघड. नाहीतर मुंगी कशी दिसणार? मुंगी आली."

ताईआजीने एक डोळा उघडला.

"मुंगी चावली."

"आई गं!" ताईआजी म्हणाली.

"मुंगी घरी गेली. झालं. रडायचं नाही."

ताईआजी रडत होती, पण दंड फारसा दुखत नव्हता. तिने बदकाला घट्ट धरलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. सिस्टरने पाठ फिरवून उगाचच ट्रे आवरला. ते आटोपून तिने बाळाला बोलावलं, तेव्हा ताईआजी खुर्चीवरून उठली आणि एजंटला तिथे बसवून त्याला धरायचं कसं ते दाखवलं. डोकं खांद्याशी, हात गुडघ्यांवर. बाळ रडलं, बापही थोडा रडला, मुंगी पुन्हा एकदा येऊन घरी गेली.

पाळणाघरात परतल्यावर एक नवीनच खटलं उभं राहिलं. बाळाला खुंटी मिळाली, कंदिलाची. ते बघून बदक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ही लकब कुणाची, ते सांगायला नको. "ताईआजीलापण टोचलंय. तिची खुंटी कुठाय?"

"मी आहे की मोठी. माझी पिशवी कडीला असते," ताईआजी म्हणाली.

"टोचलं की खुंटी," बदक म्हणाली. नियम ताईआजीचाच होता, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

खुंटी बसवायला मुलगा आला. त्याला वाटलं आईसाठी आहे, तेव्हा उंचावर बसवावी. बदकाने त्याला खाली, बाकीच्या खुंट्यांच्या ओळीत जागा दाखवली. त्याने भोक पाडलं, खुंटी पिळून पिळून आवळली आणि दोन्ही हातांनी ओढून बघितली. बदकाने चित्र काढून आणलं होतं. मुंगीला पाय जरा जास्तच होते.

"आई, पक्की बसवलीय," मुलगा हातातली धूळ झटकत म्हणाला. "बरीच वर्षं हलायची नाही."

ताईआजीने त्याच्याकडे बघितलं. त्याला काय म्हणायचं होतं, ते तिला समजलं. तिने कडीची पिशवी काढली, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली आणि ती छत्री आणि कंदिलाच्या मधल्या खुंटीला अडकवली.